अन्नपूर्णेची आंघोळ

लग्न ठरवणाऱ्या मध्यस्थाने माझ्या आईला सांगितलं होतं, "माणसं सरळ आहेत हो, फक्त देवाधर्माचं जरा कमी आहे." मध्यस्थांची भाषा आम्हाला कळायला हवी होती. ते 'मुलाला जरासा चष्मा आहे' म्हणतात तेव्हा काचा बशीएवढ्या जाड निघतात. 'देवाधर्माचं जरा कमी' असलेल्या या घरात उदबत्तीची एक काडीसुद्धा नव्हती. लग्न होऊन पनवेलला आले त्याच दिवशी मी दोन्ही खोल्या आणि स्वयंपाकघर नजरेने पालथं घातलं. फळीवर घड्याळ होतं, शब्दकोश होता, टिंक्चरची बाटली होती. देव नव्हता.

माझी पंचाईत अशी की मी सोबत एक देवी घेऊन आले होते. आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की आई तिला पितळेची अन्नपूर्णा देते. बोटभर उंचीची, हातात पळी घेतलेली. तिने सासरच्या देव्हाऱ्यात बसायचं आणि लेकीच्या घरात अन्न कमी पडू द्यायचं नाही. आमचं लग्न रजिस्टर झालं, तरी आईने ती साडीच्या घडीत दडवून माझ्या बॅगेत सरकवलीच. आता देव्हाराच नाही म्हटल्यावर तिने बसायचं कुठे? पहिले दोन दिवस ती कपाटात परकरांखाली होती. मग मलाच लाज वाटली. माहेरी तिला वाटीभर तांदळात बसवायचे. मी वाटीऐवजी डबा निवडला. स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या मोठ्या डब्यात तिला गळ्यापर्यंत रोवली, वरून चार मुठी तांदूळ पसरले, आणि रोज भाताला तांदूळ काढायचं काम मोठ्या हौसेने स्वतःकडे घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "कामाची दिसतेस." मी मान खाली घातली.

सासूबाई शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. गावातले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी, त्यामुळे सगळे त्यांना 'बाई'च म्हणत. माझा नवरा फिरतीच्या नोकरीवर, सासरे तर लवकर गेले होते, घरात बहुतेक आम्ही दोघीच. नवरा गेला म्हणून बाई देवावर रागावल्या, असं लोक आपसांत ठरवून मोकळे झाले होते. मी एकदा धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "छे गं. रागवायला समोर कुणीतरी लागतं."

मला खरी काळजी वेगळीच होती. आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, खोटं बोललं की देव बघतो. इथे बघायलाच कुणी नाही, तर ही बाई खोटं बोलायची थांबते कशी? घरात कुलूप नसलेला गल्ला असावा तशी मला धास्ती वाटायची. मी सासूबाईंवर चांगली पाळत ठेवली. चार-सहा महिन्यांत एवढंच हाती लागलं, की त्या एकदा भर मे महिन्यात दुपारी छत्री घेऊन गावात गेल्या आणि औषधांच्या दुकानातल्या एका माणसाला सांगून आल्या, की आठवीत तुझा एक गुण मी चुकून कापला होता, काल जुने कागद फाडताना लक्षात आलं. तो बिचारा टक्कल पडलेला, दोन मुलांचा बाप. गल्ल्यामागे उठून उभाच राहिला म्हणे.

माझ्या देवाशी मला थोडीफार घासाघीस करता यायची. लहान खोटं असेल तर एक नमस्कार, मोठं असेल तर नारळ, फारच मोठं असेल तर एक संकष्टी. सासूबाईंना असलं काही चालायचं नाही. त्यांच्याबरोबर राहणं मला देवाबरोबर राहण्यापेक्षा कठीण जात होतं.

तेव्हा नवीन पनवेलात इमारती आधी आल्या होत्या आणि पाणी मागून यायचं होतं. आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं. निम्म्यांच्या खिडक्या रस्त्याकडे, निम्म्यांच्या मागच्या मोकळ्या मैदानाकडे. पहाटे पाणी यायचं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढायचं आणि सात वाजता घराघरांत सोडलं जायचं. दोन्ही बाजू एकदम सोडल्या तर वरच्या मजल्यांना थेंब मिळत नसे. म्हणून आधी रस्त्याची बाजू पंचवीस मिनिटं, मग ती बंद करून मागची बाजू पंचवीस मिनिटं. दोन व्हॉल्व्ह, आणि गच्चीच्या दाराला कुलूप. त्या कुलपाची चावी ज्याच्या हाती, तो इमारतीचा राजा.

मी आले तेव्हा हे राजेपद दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे होतं. कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ, माणूस वाईट नव्हता. पण ते रस्त्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडायचे आणि घरी येऊन पूजेला बसायचे. पूजा संपली की उठून मागची बाजू सोडायची. रोजची पूजा बरोबर पंचवीस मिनिटांची. पण चतुर्थीला त्यांची अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं असत, आणि तोवर मागच्या बाजूच्या नळांतून नुसती हवा यायची. कुणी विचारलं तर काका जानव्याला हात लावून म्हणायचे, "देवाशपथ, पूजेहून एक मिनिट जास्त नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं.

शेवटी मीटिंग झाली. जिन्याखालच्या जागेत सगळे जमले. चावी दुसऱ्याकडे द्यायची, पण कुणाकडे? कुणी म्हणालं, ज्याच्याकडे देऊ त्याने नारळावर हात ठेवून शपथ घ्यावी. तळमजल्यावर मागच्या बाजूला एक मावशी राहायच्या. मूळच्या उरणकडच्या खाडीकाठच्या, घरची भातशेती आणि मिठागर होतं. जमीन गेल्यावर मुलाने इथे घर घेतलेलं. दर सोमवारी उपास करणारी, देवांना आंघोळ घातल्याशिवाय चहा न पिणारी बाई. त्या पायरीवर बसल्या बसल्या म्हणाल्या,

"शपता नको. आपण चुकलो तर देवलात जातो, नाक घासतो, मोकले होतो. या बाय बघा. यांना देव नाय. चुकल्या तर माफी मागायला जागाच नाय. यांच्याकडं देवा चावी."

सगळे हसले, आणि हसता हसता चावी सासूबाईंच्या हातात आली. तेव्हापासून इमारतीत घड्याळ लावावं असं पाणी येऊ लागलं. बाई सासऱ्यांचं मनगटी घड्याळ घेऊन गच्चीवर उभ्या राहायच्या. मागच्या बाजूच्या बायका आमच्या घराकडे अशा बघायच्या, की मला दिवा लावायचा राहिला आहे की काय असं वाटावं.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. आईला मी नियमाने पत्र लिहायची. आमच्या घरी देव नाही हे लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून पहिल्या पत्रात एक छोटा देव्हारा लिहिला. दुसऱ्या पत्रात तो सागवानी झाला. तिसऱ्यात चांदीचं निरांजन आलं. चौथ्यात सासूबाई पहाटे उठून पूजा करू लागल्या. निळ्या अंतर्देशीय कागदावर मी अख्खं देवघर उभं केलं, आणि ते इतकं सुरेख झालं की आईला ते डोळ्यांनी बघायची ओढ लागली. तिचं पत्र आलं: मी आणि तुझी मावशी दोन दिवसांसाठी येतोय.

सासूबाईंची एक जुनी मैत्रीण उरणला होती, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या नेमक्या त्याच दोन दिवसांत तिकडे निघाल्या. मला वाटलं, देव पावला. जाताना त्यांनी चावी, घड्याळ आणि एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. 'सात ते सात पंचवीस रस्त्याची बाजू. सात पंचवीस ते सात पन्नास मागची. घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं, ते धरून.' दारात चपला घालताना म्हणाल्या, "मागे तिसऱ्या मजल्यावर बाळंतीण आहे. उद्या बाळाला बारावा दिवस. तेवढं ध्यानात ठेव."

त्या गेल्या आणि मी तळमजल्यावर मावशींकडे धावले. "मावशी, दोन दिवसांसाठी तुमचा देव्हारा द्याल का?"

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. सगळं ऐकल्यावर पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की ठसका लागला. मग म्हणाल्या, "नेय. पण दिवा लाव, निवेद दाखव. माजे देव उपाशी ठेवशील तर बघ."

आम्ही दोघींनी देव्हारा उचलून जिन्याने वर आणला. आत मावशींचे सगळे देव होते तसेच. त्यांच्यात मी तांदळाच्या डब्यातली अन्नपूर्णा नेऊन ठेवली. इतक्या महिन्यांनी बिचारीला सोबत मिळाली. तिला माहेरी आल्यासारखं वाटलं असेल.

आई आली, देव्हाऱ्यासमोर बसली, तिचे डोळे भरून आले. "चांदीचं निरांजन कुठे गं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, उजळायला दिलंय. एकदा सुरुवात झाली की खोट्याला उतार लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी वर जाऊन आमची, रस्त्याची बाजू सोडली. खाली आले तर आईने घर ताब्यात घेतलेलं. पिंपात कालचं पाणी भरलेलं होतं, पण ते शिळं. शिळं पाणी देवाला चालत नाही, सोवळ्याला चालत नाही, डोक्यावरून आंघोळीलाही चालत नाही. तिने दोन्ही पिंपं मोरीत उपडी केली आणि ताजी भरायला लावली. मग आईबरोबर आलेल्या माझ्या मावशीचं न्हाणं झालं. मग आईचं न्हाणं सुरू झालं, आईचे केस तेव्हा कमरेपर्यंत होते. मग सोवळ्याचं लुगडं ताज्या पाण्यात पिळायचं होतं. देवांची आंघोळ तर राहिलीच होती. मी घड्याळ पाहिलं, सात पंचवीस व्हायला एक मिनिट. चावी घेऊन निघाले तर मोरीतून आईचा आवाज: "पाणी जाणार नाही ना गं एवढ्यात? देव पारोसे आहेत अजून!"

मी गच्चीवर गेले. व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. गच्चीच्या मागच्या कठड्यावरून खाली पाहिलं की तिसऱ्या मजल्याची गॅलरी दिसायची. तिथल्या दोरीवर गेले अकरा दिवस बाळाची दुपटी आणि लंगोट वाळत असायचे. मला ते माहीत होतं. म्हणूनच मी त्या कठड्याकडे गेले नाही. वीस मिनिटं मी रस्त्याकडच्या बाजूला उभी राहून समोरच्या बांधकामावरचे मजूर बघत होते. नंतर मागची बाजू सोडली, पण टाकीत उरलं होतं ते तळमजला आणि पहिला मजला पिऊन गेले.

खाली येऊन मी पूजेला बसले. घंटा वाजवताना मला अगदी भरून आलं.

आठ वाजता दार वाजलं. बाळंतिणीचा नवरा. तळोज्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, अंगाला रसायनाचा वास. हातात रिकामी बादली. "वहिनी, मागे आज पाणी चढलंच नाही वर. घरी पाहुणे यायचेत."

मी म्हटलं, "लाइनीलाच प्रेशर नव्हतं हो. टाकी अर्धीच भरली."

त्याने क्षणभरसुद्धा विचार केला नाही. "असेल असेल. तुमच्या घरचं म्हणजे प्रश्नच नाही." आणि तो बादली घेऊन कोपऱ्यावरच्या नळाकडे गेला. तिथल्या रांगेत मी त्याला खिडकीतून पाहिलं. बारशाच्या दिवशी बाप अंगावरचा कारखाना न धुता पाणी भरत होता. मी पडदा ओढून घेतला.

संध्याकाळी मी आई-मावशीला देवळात नेलं आणि गुपचूप एक नारळ फोडला. मन हलकं झालं. नारळात ही सोय आहेच. दुसऱ्या दिवशी एसटीत बसताना आईने माझा हात धरला आणि म्हणाली, "नशीब काढलंस. एवढी धार्मिक सासू मिळाली."

सासूबाई परत यायच्या आत देव्हारा खाली गेला, अन्नपूर्णा डब्यात गेली. सासूबाईंनी विचारलं, "सगळं ठीक?" मी तेच सांगितलं, प्रेशर नव्हतं. त्या मोरीत हात धुवायला गेल्या. तिथे दोन्ही पिंपं काठोकाठ भरलेली होती. त्यांनी एकेका पिंपात वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "असं." त्या संध्याकाळी त्यांनी दोन कळश्या भरल्या आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिल्या. पुढे रोज दोन कळश्या. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना लहान बाळांचं कौतुक असतं.

माझं खोटं तेवढ्यावर झोपलं असतं. पण ते काकांच्या हाती लागलं. प्रेशर नव्हतं म्हणजे नगरपालिकेचा दोष, आणि काकांना तक्रारअर्ज लिहायची भारी आवड. सासूबाई त्यांना म्हणाल्या होत्या, आधी नीट चौकशी करा. पण काकांनी अर्ज तीन प्रतींत दिला. आठवड्याने नगरपालिकेचा पाणी सोडणारा माणूस भांडायलाच आला, म्हणाला, त्या दिवशी सगळ्या रस्त्याला भरपूर पाणी होतं, शेजारच्या इमारतीच्या टाक्या वाहत होत्या, तुम्हीच आपसांत पाणी पळवता आणि आमच्या नावाने बोंब मारता. काकांचा चेहरा उजळला. जिन्याखालच्या फळ्यावर लगेच सूचना लागली: रविवारी सकाळी दहा वाजता तातडीची मीटिंग. विषय, गच्चीची चावी.

त्या रविवारी सकाळी घरात कुणी नाही असं पाहून मी तांदळाचा डबा उघडला. अन्नपूर्णेला म्हटलं, तूच कौल दे. चिमूटभर तांदूळ काढते. दाणे सम आले तर गप्प बसायचं, विषम आले तर सांगून टाकायचं. पहिल्यांदा विषम आले. मी म्हटलं, एक दाणा तुटका होता, हे काही खरं नाही. दुसऱ्यांदा विषम आले. मी म्हटलं, चिमूट फार मोठी झाली, देवीला मोजायला त्रास. तिसऱ्यांदा सम आले. अठरा. मी ते पुन्हा मोजायच्या फंदात पडले नाही. हात जोडले, डब्याचं झाकण लावलं आणि इस्त्रीची साडी नेसून खाली गेले. प्रत्यक्ष देवीने मला गप्प बसायची परवानगी दिली होती.

काका उभे राहूनच बोलत होते. "मावशी, तुमच्या दाराशी टाकीच्या जास्तीच्या पाण्याचा पाइप उतरतो. त्या बारशाच्या दिवशी टाकी वाहिली का?"

मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "वायली. माजे दोन हंडे भरले."

"म्हणजे टाकी पूर्ण होती," काका सगळ्यांकडे वळले. "मग मागचं पाणी गेलं कुठे? मी कुणावर आरोप करत नाही. पण माणसाला कुणाची तरी भीती लागते. वरच्याची भीतीच नसली, की मग असंच होणार."

सासूबाई पायरीवर ताठ बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून चावी काढून मधल्या टेबलावर ठेवली. "मी गावाला गेले होते. चावी माझ्या घरात होती. तेव्हा जबाबदारी माझी." एवढंच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. टेबलावर ती चावी बघून माझ्या मनात आलं, रोज पावणेसातला केस विंचरून, घड्याळ बांधून गच्चीवर जाणारी ही बाई उद्यापासून काय करणार? आणि मागच्या बाजूने पुन्हा चतुर्थ्या मोजायच्या?

तेवढ्यात जिन्यावरून बाळंतीण बोलली. कानाला रुमाल बांधलेला, खांद्यावर बाळ. "जाऊ द्या ना काका. एका दिवसाचा तर प्रश्न होता. बाईंनी काही मुद्दाम केलं नसेल. त्या रोज आम्हाला पाणी आणून देतात. होतं माणसाकडून. आमचं काही म्हणणं नाही."

आणि सासूबाईंनी मान खाली घातली. त्या ती माफी घेत होत्या. माझ्या चोरीची माफी, माझ्या डोळ्यांदेखत, त्यांना मिळत होती, आणि जिचं मी पाणी पळवलं ती देत होती. बाळाचं दुपटं तिच्या खांद्यावर होतं, धुऊन धुऊन विटलेलं. त्या दिवशी गच्चीवर मी ज्या दोरीकडे पाहिलं नव्हतं, ती दोरी आता जिन्याने खाली उतरून माझ्यासमोर उभी होती. मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

देवीची परवानगी माझ्या पदरात होती. अठरा दाणे. ती कामी आली नाही.

"पाणी मी घेतलं," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. मग एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर पडलं. पंचवीस मिनिटांची पंचेचाळीस, आई, आईचे केस, शिळं पाणी, पत्रातला देव्हारा, मावशींचा देव्हारा, उजळायला दिलेलं निरांजन, प्रेशर, दगडासारखा चेहरा करून बादली घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवलं ते. कुणी निरांजनाबद्दल विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं. बाळंतिणीच्या नवऱ्याकडे बघून म्हटलं, "भाऊ, मला माफ करा." तो एवढा गोंधळला की त्यानेच मला नमस्कार केला.

काकांनी टेबलावरच्या चावीकडे पाहिलं. मग मावशी खाकरल्या. "देव माजे व्हते. आंगोल त्यांनी केली. निम्मी चोरी माज्या नावावर धरा."

पहिल्यांदा बाळंतीण हसली. मग सगळी इमारत हसली, काका सोडून. काका गंभीरपणे म्हणाले, "ते ठीक. पण चावी आता कुणाकडे?"

सासूबाई उठल्या. त्यांनी चावी उचलली आणि चार पायऱ्या चढून ती बाळंतिणीच्या हातात दिली. "पाणी ज्यांच्याकडे सगळ्यांत शेवटी पोचतं, चावी त्यांच्याकडे राहू दे."

"हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" काकांनी विचारलं.

"आमच्या खारीत लिवलंय," मावशी म्हणाल्या. खारीत, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, खारं पाणी येऊ नये म्हणून बांध घालतात, आणि पाणी बाहेर सोडायला त्या बांधात एक दार ठेवतात, त्याला त्या उघाडी म्हणायच्या. "उघाडी राखायला भगत नाय बसवत. ज्याचं शेत उघाडीच्या तोंडाशी, त्याला बसवतात. दार चुकलं तर पयलं त्याचं भात मरतं. त्याला झोप नाय लागत."

मीटिंग संपली. घरी आल्यावर सासूबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून फळीवर ठेवलं. ते काढताना त्यांचं मनगट फार रिकामं दिसलं आणि मला रडू आलं. मी म्हटलं, "आई, तुमची चावी माझ्यामुळे गेली."

"गेली नाही. जिथे असायला हवी होती तिथे पोचली. हे मला आधीच सुचायला हवं होतं." मग फळीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "पण मला तिथलं वारं आवडायचं, हे खरं."

"तुम्हाला माहीत होतं का?"

"शंका होती. प्रेशर नव्हतं म्हणालीस आणि पिंपं काठोकाठ भरलेली दिसली. पण नुसत्या शंकेवरून मी वर्गातसुद्धा कुणाला उभं केलं नाही."

मग मी माझा जुना प्रश्न विचारला. "आई, तुम्ही देव मानत नाही. मग बरोबर काय नि चूक काय, तुम्हाला कळतं कसं?"

"तुला आज कसं कळलं?"

"मला कुठे कळलं? देवीने तर गप्प बस असाच कौल दिला होता," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

सासूबाई तांदळाचा डबा घेऊन माझ्यासमोर आल्या. झाकण उघडलं, दोन बोटांनी वरचे तांदूळ बाजूला केले. अन्नपूर्णा गळ्यापर्यंत रोवलेली, हातात पळी. "हिने?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"तू माहेरी जातेस, तेव्हा भात कोण करतं असं तुला वाटतं? वर्ष होत आलं, हिला सरकवून तांदूळ घेतेय. प्रत्येक वेळी परत तुझ्यासारखीच पुरून ठेवते, तुला कळू नये म्हणून." त्यांनी तिला बाहेर काढलं आणि उजेडात धरलं. पितळ पार काळवंडलं होतं, कानात तांदळाचा भुसा. "एवढं इमारतीचं पाणी पळवलंस, आणि ही बघ. हिला नीट घासलीस का कधी?"

त्या दिवशी रडताना मी हसले, की हसताना रडले, ते आता आठवत नाही.

देव मी अजून मानते. त्यात सासूबाईंमुळे काही फरक पडला नाही. फरक पडला तो एवढाच, की तेव्हापासून अन्नपूर्णेकडे मी बाकी सगळं मागते, माफी तेवढी मागत नाही. ती मागायला जिने चढावे लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नळाला पाणी आलं. गच्चीवर बाळंतिणीचा नवरा होता, त्याची आता दुपारपाळी होती. सासूबाईंनी फळीवरचा शब्दकोश थोडा सरकवून घड्याळाशेजारी हातभर जागा केली होती. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. मी चिंच घेतली, अन्नपूर्णा घेतली आणि मोरीत बसून घासू लागले. काळं निघता निघेना. मागून सासूबाईंचा आवाज आला.

"घाल, तिला चांगली आंघोळ घाल. पण आपल्या पंचवीस मिनिटांत."